मामांचा राग

माझ्या बायकोच्या मामांइतका मनापासून चिडणारा माणूस अख्ख्या सिंगापुरात दुसरा नसेल. जहाजांच्या इंजिन रूममध्ये त्यांची उमर गेली. तिथे ओरडल्याशिवाय ऐकूच येत नाही, आणि निवृत्तीनंतर सेरंगूनच्या फ्लॅटमध्येही मामांनी ती पट्टी खाली आणली नाही. लिफ्ट मध्येच थांबली की ते लिफ्टला झापत. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, चार भाषांत सूचना झाली, तर म्हणत, "मराठीत सांगा, मग ऐकतो!" माझी मुलगी "आजोबा, चिल लाह" म्हणाली की त्या सिंगापुरी शेपटावर, 'लाह'वर, वेगळे चिडत.

अलीकडे मात्र त्यांच्या रागाला खरं कारण मिळालं. त्यांची मुलगी मीनल अमेरिकेतल्या एका शहरात वस्तीतल्या संस्थेत काम करते. दोन टोळक्यांत काही पेटलं की पिस्तूल निघायच्या आधी तिथे पोचायचं, दोघांची समजूत काढायची, मग त्यांच्या घरी जात राहायचं. सोबत सहकारी वॉल्टर, तो स्वतः तुरुंगातून आलेला, म्हणून पोरं त्याचं ऐकतात. सरकारने या कामाचं अनुदान एकाएकी थांबवलं. हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडपात, मामांनी कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, कप असा आदळला की टेबलाखालच्या साळुंक्या उडाल्या. "जहाजावर खर्च वाचवायला कुणी फायर पंप बंद केला असता, तर समुद्रात ढकलला असता त्याला! आणि आगीत माणसं गेली की मेणबत्त्या लावायला हेच पुढे!"

एका रविवारी आमच्याकडे जेवताना मीनलचा व्हिडिओ कॉल आला. ती आणि वॉल्टर ज्या तरुणाकडे नेमाने जायचे, तो गोळी लागून गेला होता. संस्थेला कुलूप लागल्यापासून त्याच्याकडे कुणी फिरकलंच नव्हतं. "बाबा, त्याच्या आईने एवढंच विचारलं, या वेळी तुमच्यातलं कुणी का आलं नाही?"

आता स्फोट होणार म्हणून आम्ही घास हातात धरून बसलो. मामांनी ताट बाजूला सारलं. "त्या बाईजवळ आत्ता कोण आहे?"

महिन्याभरात ते तिकडे गेले. अनुदानावरच्या जाहीर सुनावणीत वेळ संपला म्हणून त्यांचा माईक बंद केला. मामांना माईक कशाला लागतो! "त्या आईला उत्तर द्या! इथे बसलेल्यांपैकी एकाने द्या!" सभागृह दणाणलं. अनुदान मात्र परत सुरू झालं नाही.

मामा अजून तिकडेच आहेत. वॉल्टरबरोबर बिनपगारी घरोघर जातात, जेवलात का विचारतात. मीनल म्हणते, बाबा तिथे इतकं हळू बोलतात की लोकांना पुढे वाकावं लागतं.

काल त्यांच्या झाडांना पाणी घालायला गेलो, तर शेजारची चिनी आजी दारात आली. "अंकल कधी येणार? किती शांत झालंय लाह."

"माहीत नाही," मी म्हणालो. ती आत गेली नाही, मामांच्या दाराकडे बघत राहिली. मीही नळी हातात धरून तसाच उभा राहिलो.