डबल बेल, शेवटपर्यंत

पिंपरी पेंढारच्या धम्मपालच्या टेम्पोत बसायचं, तर 'डबल बेल' ऐकावाच लागतो. पुण्यातल्या कुठल्याशा पोरांनी हा प्रोग्रेसिव्ह रॉकचा अल्बम काढला, तो कुणी ऐकला नाही आणि पोरं मुकाट्यानं नोकऱ्यांना लागली. सगळ्या गाण्यांची मिळून गोष्ट एकच. एसटीचा कंडक्टर डबल बेल देतो, गाडी सुटते आणि सुटतच राहते, कारण थांबायची एक बेल देणं त्याला जमत नाही. मधे गिटार असं चालतं, की टेम्पोत डिझेल भरून झालं तरी ते आपलं चालूच.

हा अल्बम शेवटपर्यंत ऐकणारं एक तरी माणूस भेटावं, एवढंच धम्मपालचं मागणं. भेटणार कुठून? आणे गावाहून निघालं की नारायणगावचा बाजार येतो, शेवट येत नाही. माणसं कोथिंबीर उतरवतात आणि "भाऊ, लग्नातलं काहीतरी लावत जा," असा फुकटचा सल्लाही देतात.

एकदा आमच्या रामदास पुढाऱ्याच्या कानावर 'प्रोग्रेसिव्ह' हा शब्द पडला. त्यानं लगेच धम्मपालला 'प्रगतिशील शेतकरी' करून टाकलं! ज्याच्या नावावर कुंडीतली मिरची नाही, त्याचा फोटो फ्लेक्सवर टोमॅटोच्या ढिगापुढं झळकला. धम्मपालनं अट घातली, सत्काराला अल्बम पुरता वाजवायचा.

"वाजवू की राव!" रामदास म्हणाला. वाजवलाही, प्रमुख पाहुण्यांची गाडी दिसेपर्यंत. मग शाल, नारळ आणि ढोलताशा. माझं डोकं फिरलं, पण धम्मपाल नारळ मांडीवर घेऊन टेम्पोत जाऊन बसला.

परवा आण्याच्या ठमाबाई आणि मी त्याच्या शेजारी बसलो होतो. बाजार आला, लिलाव सुरू झालेला. मी खाली उतरलो, पण ठमाबाई जागच्या हलेनात.

"मावशी, उतरा, भाव पडंल," धम्मपाल म्हणाला.

"पडू दे. त्यो कंडक्टर उतरतोय का न्हाई, ते ऐकू दे आधी."

धम्मपालनं इंजिन बंद केलं. मी गुपचूप परत आत बसलो. गिटार एकदाचं दमलं आणि अगदी शेवटी एकच बेल वाजली. धम्मपालचे डोळे भरून आले होते, त्यानं ते पुसलेही नाहीत.

ठमाबाईंनी पदर सावरला.

"उतरला बाई एकदाचा! उद्या पयल्यापासून लाव रं. मगाशी माझा डोळा लागला व्हता, त्यो चढला कुठं ते ऐकायचं ऱ्हायलं."