धाबं माझं, पत्रा त्याचा

सन १९४१. दादा सत्तर वर्षांचा होता अन् मी सहासष्टचा. पावसाळ्याआधी दरवर्षीसारखा घराच्या मातीच्या छतावर, धाब्यावर चढून मी जुनं गवत खुरपून नवी पांढरी माती चोपत होतो, तेवढ्यात खालून वहिनीचा आवाज आला, “भाऊजी, लवकर खाली या... तुमचे दादा बोलूनच नाही राहिले.” मी मातीच्या हातांनीच धावलो. माणूस गेला होता. माझं म्हणणं अर्ध्यावर टाकून उठून जायचा, तसाच गेला.

मी दुसरी शिकलेला माणूस, गोडगोड लिहिणं मला जमत नाही. माझा थोरला भाऊ हट्टी होता, हे आधीच लिहून टाकतो. चांदूर रेल्वेजवळच्या गावात वडिलांचं एकच लांब घर, वर मातीचं धाबं. वाटणीत मधोमध भिंत घातली. अर्धं त्याचं, अर्धं माझं. पण छताचा भार पेलणारी मोठी तुळई त्या भिंतीवरून आरपार गेलेली. ती सडली तर दोघांच्याही डोक्यावर माती. एवढी साधी गोष्ट!

दादाला हौस. अकोल्याहून टिनाचे पत्रे आणले, आपल्या भागातली माती काढून ते ठोकले. उतार आपल्या अंगणाकडे दिला, तो बरोबरच होता. पण पत्र्याचं वरचं टोक माझ्या मातीजवळ आलं तिथे बोटभर फट ठेवली. मी ओरडलो, “अरे दादा, पत्रा हातभर माह्या मातीखाली सरकव अन् वरून चोप. पाणी घुसते ना तिथून!”

“तुही माती तुले लखलाभ. माह्या धाब्यावर पाय ठेवू नोको, असं वाटणीच्या दिवशी तूच म्हणाला होता.”

“मंग आता ठेव म्हणतो ना!”

“पंचाईसमोर म्हणाला होता. पंचाईसमोर माघार घे.”

म्हणालो होतो. रागात माणूस काय काय म्हणतो, भावाने ते कोरून ठेवायचं असतं का? अन् गावासमोर मी कशाला हसं करून घेऊ? दोन पावसाळे भिंत माझ्या बाजूने भिजली, तुळईला बुरशी आली. तिसऱ्या पावसाळ्यात मात्र कोरडी ठणठणीत. ही माझ्या मातीची करामत, असं मी गावभर सांगितलं. दादा पारावर बिडी ओढत ऐकायचा. “हौ ना, मोठा कारागीर तू!”

तेरवीच्या दिवशी पंगती उठल्यावर पाऊस आला. बोलता बोलता वहिनीने आपल्या चुलीजवळ गंज, मोठं पातेलं, आणून ठेवला. वरून टप... टप...

“हे काय वहिनी?”

“दोन सालापासून गळते. तुमच्या दादानं पत्रा वीतभर मागं घेतला, भिंतीच्या माथ्यावर आपल्या अंगानं उतार केला, फटीतलं पाणी सारं आमच्याकडं. तुळई भिजली नाई पायजे म्हणे, अन् धाकट्याच्या घरात तर एक थेंबही नाई. तुम्हाले सांगू नोको म्हणाले... उगाच फुगते म्हणे.”

माझं डोकंच फिरलं. अरे माणसा, स्वतःच्या चुलीवर पाणी घेतलंस, पण माझ्या मातीला हात लावला नाहीस! हातभर पत्रा सरकवला असता तर कोणाच्याच घरात गळलं नसतं. मला न विचारता सरकवायचा होतास. मी शिव्या दिल्या असत्या, चार दिवस बोललो नसतो... अन् मग बोललो असतो. साठ-सत्तर वर्षांत भावाला एवढंही समजू नये? तोवर वहिनीने भरलेला गंज अंगणात ओतला अन् न बघता नेमका त्याच जागी ठेवला. मला तिथे बसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस उघडल्यावर मी त्याच्या बाजूने शिडी लावली. वाटणीच्या त्या पंचांपैकी एकच म्हातारा उरलाय. त्याला घरून आणून अंगणात उभं केलं. “पाहून घ्या,” म्हटलं, “माघार घेऊन राहिलो.” मग वर चढलो, माझ्या धाब्याची कड उकरली अन् दादाचा पत्रा हातभर आत घेतला.