आतोबांचे पाठमोरे फोटो

पृथ्वीच्या पाठीवर गिऱ्हाइकाचं तोंड सोडून बाकी सगळ्याचा फोटो काढणारा फोटोग्राफर एकच जन्माला आला असेल, आणि तो नेमका माझ्या आतेचा नवरा निघाला. मालवणच्या बाजारात, राहत्या घराच्या पडवीत आतोबांचा स्टुडिओ होता. उजेडासाठी छपरात चार काचेची कौलं बसवलेली, मधोमध तिपाईवर भलामोठा कॅमेरा, त्यावर काळं फडकं. आतेने हौसेने कोल्हापूरहून एक पडदा मागवला होता. त्यावर जिना, कारंजं आणि दोन हंस रंगवलेले. आतोबांनी तो टांगला खरा, पण उलटा. हंस भिंतीकडे आणि कोरं मळकट कापड आपल्याकडे. हंस बघायचे असतील तर धामापूरच्या तळ्यावर जावं, माझ्याकडे माणसं काढून मिळतात, असं ते गिऱ्हाइकाला सुनवत. धामापूरच्या तळ्यात हंस नाहीत, हे त्यांना सांगण्याची कुणाची छाती नव्हती.

त्यांचा कायदा एकच. फोटो काढताना कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. मग कुठे बघायचं? तर कुठेही. दाराबाहेर बघा, आपल्या पोराकडे बघा, चप्पल तुटली असेल तर तिच्याकडे बघा. एखादा अगदीच ताठ बसून राहिला तर ते सरळ ‘झाला’ म्हणून मोकळे होत. बिचारा सुटकेचा श्वास सोडून टोपी काढी, डोकं खाजवी, आणि नेमक्या त्याच क्षणी आतोबा फोटो घेत. मालवणातल्या अर्ध्या प्रतिष्ठित मंडळींचे फोटो असे डोकं खाजवतानाचे आहेत. मी एकदा याचं कारण विचारलं होतं. फोटो पक्का करायच्या हायपोत बुडालेला हात न काढताच ते म्हणाले, “माणूस कॅमेऱ्याकडे बघूक लागलो की माणूस रवणा नाय रे. त्येचो नुसतो फोटो होऊन जाता.”

मी तेव्हा कचेरीत कारकून होतो. आमचे मामलेदार बदलून निघाले तेव्हा निरोपाच्या ग्रुप फोटोला आतोबांना बोलवण्याची दुर्बुद्धी मलाच झाली. साहेब मधे, हेडक्लार्क शेजारी, आम्ही मागे बाकावर, सगळे श्वास रोखून. आतोबा काळ्या फडक्यात शिरले ते बाहेर येईचनात. तेवढ्यात रस्त्यावरून एक कोळीण ताज्या सुरमईची आरोळी देत गेली, आणि महाराष्ट्र शासनाच्या त्या पूर्ण शाखेने एका वेळी डावीकडे मान वळवली. तोच फोटो आला. साहेबांच्या चेहऱ्यावर इतका जिवंत भाव आम्ही तीन वर्षांत पाहिला नव्हता. साहेब माझ्याशी निघेपर्यंत बोलले नाहीत ती गोष्ट वेगळी.

एकदा धामापूरच्या एका मुलीचा फोटो स्थळाला पाठवायला म्हणून तिच्या वडिलांनी काढून घेतला. आतोबांनी तिचा एका बाजूने काढला, धाकट्या भावाकडे बघून हसतानाचा. फोटो सुरेखच होता. पण मुलाकडून पत्र आलं, मुलीचा दुसरा डोळा कसा आहे ते कळवावं. वडील ते पत्र घेऊन तावातावाने आले. आतोबांनी शांतपणे मुलीला पुन्हा बसवलं आणि दुसऱ्या बाजूने फोटो काढून दिला. लग्न ठरलं, हे आश्चर्यच.

पण त्यांची खरी खोड आतेच्या बाबतीत. तिचे त्यांनी किती फोटो काढले असतील देव जाणे, आणि सगळे पाठमोरे. विळीवर बांगडे साफ करताना, विहिरीवर कळशी उचलताना, तुळशीपुढे वाकलेली, केस वाळवत बसलेली. स्टुडिओच्या भिंतीवर ओळीने आतेची पाठ. गावात चेष्टा होई. आतेही कधी कधी वैतागे. “माझ्या तोंडाक काय झाला म्हणान सारकी पाठच काढतास?” असं तिने एकदा माझ्यासमोरच विचारलं होतं. आतोबा म्हणाले, तोंड सगळेच बघतात, तुझी पाठ बघितली की तू दमलीस की रागावलीस ते मला कळतं. आते पदर खोचून आत गेली, आणि तिची पाठ हसत होती हे मलासुद्धा दिसलं.

त्रेसष्ट सालच्या सुमारास आते चार दिवसांच्या तापात गेली. दिवसकार्याच्या वेळी पाटावर ठेवायला फोटो हवा म्हणून घर धुंडाळलं. समोरून काढलेला एकही फोटो मिळेना. भटजी खोळंबलेले, बायका कुजबुजताहेत, हार तबकात तसाच पडलेला. आते मला आईच्या जागी होती हो, माझं डोकं फिरलं. भरल्या घरात मी आतोबांना म्हणालो, “तुमी आयुष्यभर गावाचे फोटो काढलास, पण माझ्या आतेचा एक तोंड घरात नाय. आता हार खंय घालूचो? पाठीक?”

आतोबा भिंतीपाशी उभे होते, तिथेच खाली बसले.

मग मीच शहाणपणा केला. कुणाच्या तरी लग्नातल्या जुन्या ग्रुपमध्ये आतेचा मसुराएवढा चेहरा सापडला. तो बाहेरगावी पाठवून मोठा करून आणला. तिथल्या कारागिराने पुसट झालेले डोळे ब्रशने नवे काढले, ओठ रंगवले. आलेली बाई सुंदर होती, फक्त ती आते नव्हती. आतोबा त्या परक्या बाईला रोज फूल वाहू लागले.

आणि त्यांनी पडदा सुलटा केला. कारंजं, जिना आणि दोन हंस पुढे आले. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की ते स्वतः त्याची हनुवटी धरून सरळ करत. गावाला बरं वाटलं. म्हातारा ताळ्यावर आला म्हणाले. गर्दी वाढली.

पुढे एकदा दुपारी विहिरीवर एक बाई कळशी उचलताना मला पाठमोरी दिसली आणि माझ्या तोंडून ‘आते’ अशी हाक निघून गेली. भलतीच कुणी होती. पण तिथेच मला उमगलं, की आते मला आठवते ती अशीच, आणि अशी आठवते ती आतोबांमुळे. मी तसाच त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, ते फोटो मला द्या. भिंत केव्हाच रिकामी झाली होती, ते फोटोही उरले नव्हते. ते घंगाळात गरम पाणी आणि सोडा घालून जुन्या काचा धूत होते. त्यांचे निगेटिव्ह काचेवरचे; वरचा थर खरवडून निघाला की काच स्वच्छ होते आणि फ्रेमला चालते. आतेच्या सगळ्या काचा त्यांनी कधीच धुतल्या होत्या. गावातल्या समोर बघणाऱ्या तोंडांवर त्या बसल्याही होत्या.

“लोकांक तोंड होया, पाठ नको,” ते म्हणाले. रागाने नाही, अगदी साधं. माझं चुकलं, एवढंच मला म्हणायचं होतं. ते माझ्याने झालं नाही, आणि त्याची रुखरुख अजून जात नाही.

सदुसष्टला माझी रत्नागिरीला बदली झाली. निघण्यापूर्वी फोटोच्या निमित्ताने मी त्यांच्याकडे गेलो. खुर्चीत बसलो आणि मुद्दाम दाराबाहेर बघत राहिलो. आतोबा फडक्यात शिरले. मामलेदारांच्या फोटोच्या वेळेसारखे ते बाहेर येईचनात. मला वाटलं, जमलं. आता खटका वाजणार. मी श्वाससुद्धा सैल सोडला. तेवढ्यात ते फडक्यातून बाहेर आले, माझ्याजवळ आले आणि दोन बोटांनी माझी हनुवटी वळवून सरळ केली.

“हंय बघ,” ते म्हणाले.

मी बघितलं. फोटो चांगला आलाय असं घरी सगळेच म्हणतात. दोन्ही डोळे आहेत, दोन्ही कान आहेत. मी गेल्यावर हार घालायला कुणाला काही अडचण पडणार नाही.