डावीकडचा उजेड

शेजारच्या बाईंनी कुंपणावरून फिजोआची, म्हणजे इथल्या पेरूसारख्या हिरव्या फळांची, पिशवी पुढे केली, तेव्हा आमच्या घरात पहिला प्रश्न आला तो म्हणजे, आत्ताच का? माझा मुलगा आणि सून न्यूझीलंडच्या पामर्स्टन नॉर्थमधल्या त्या घरात बरीच वर्षं राहत होते. इतक्या वर्षांत या बाईंनी लांबून हात हलवण्यापलीकडे काही केलं नव्हतं. आणि मी पुण्याहून येऊन जेमतेम रुळतेय तोच आधी फिजोआ, मग लिंबं, मग चहाचं बोलावणं. तेही फक्त मला एकटीला.

सुनेला वाटलं, चर्चला न्यायचं असेल. मुलाला वाटलं, कुंपण नवीन करायचं असेल आणि त्याआधी गोड बोलणं चाललं असेल. "आई, इथे लोक असे एकदम घरात बोलवत नाहीत," तो म्हणाला. "जा, पण कशालाच हो म्हणू नकोस." नातीने फोनवरून मान वर न करता इंग्रजीत सांगितलं की त्या बाई फक्त एकट्या आहेत, तुम्ही सगळे विअर्ड आहात.

मलाही संशय होताच, पण वेगळा. मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. हे गेल्यानंतर मुलाकडे सहा महिने राहायला आले होते आणि दुपारी मागच्या डेकवर बसून समोरचे डोंगर आणि त्यांच्यावरच्या पवनचक्क्या रंगवत असायची. त्या बाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या डेककडे होती. त्या खिडकीत उभ्या असायच्या, आणि त्या माझ्याकडे नाही, माझ्या कागदाकडे बघायच्या. एवढं मला कळत होतं.

चहा झाला, बिस्किटं झाली, हवेबद्दल बोलून झालं. मग त्यांनी उठून बैठकीच्या खोलीचं दार नीट लावून घेतलं, घरात दुसरं कोणी नसताना. भिंतीवर एक तैलचित्र होतं. साधारण दोन हात रुंद. सपाट शेतं, उजवीकडे पांढरं खेड्यातलं चर्च, वर पुष्कळ आकाश. "तुम्ही रंग जाणता," त्या म्हणाल्या. "याच्याकडे बघा आणि मला सांगा, हे जुनं आहे का?"

मी म्हटलं, मी शाळेतली मास्तरीण, असलं काही सांगायला वेगळे लोक असतात. त्या म्हणाल्या की वेगळ्या लोकांना माझा पुतण्या ओळखतो. तुम्हाला तो ओळखत नाही.

हे चित्र त्यांच्या पणजीच्या थोरल्या बहिणीचं. एकोणिसाव्या शतकातली डेन्मार्कमधली बाई. घरचे सुखवस्तू जमीनदार होते, पण मुलींना तेव्हा चित्रकलेच्या अकादमीत घेत नसत, म्हणून ती एका म्हाताऱ्या चित्रकाराच्या घरी जाऊन शिकली. वडिलांनी अट घातली होती की फुलं काढायची, फार तर फळं. तिने शेतं काढली. पुढे लग्न होऊन मोठ्या वाडीवर गेली. मूल झालं नाही. नवरा भला होता, त्याने घराचे दरवाजे तिच्या मर्जीने उघडे ठेवले. उन्हाळाभर तिच्याकडे तरुण चित्रकार येऊन राहायचे, ज्यांच्याकडे कॅनव्हास घ्यायलाही काही नसायचं असे. ती त्यांना खोल्या द्यायची, रंग द्यायची, जेवू घालायची. कोणी विकत घेत नाही अशी त्यांची चित्रं स्वतः घ्यायची. एकाला तिने इटलीला पाठवलं. त्यांच्यातले काही नावाजले. तिच्याबद्दल लोक एवढंच म्हणायचे की फार मोठ्या मनाची बाई.

धाकट्या बहिणीने एका सुताराशी लग्न केलं आणि दोघं बोटीने इकडे आली, जंगल तोडून वस्ती करायला. निघताना थोरलीने तिला हे चित्र दिलं, घराजवळच्या शेतांचं, दोघींचा बाप्तिस्मा झालेल्या चर्चचं. ते गुंडाळून आणलं, ओल्या लाकडी खोपटात टांगलं, आणि मग घरातल्या मुलींकडे येत येत या बाईंपर्यंत पोचलं.

"माझी आई सांगायची, दिवसभर पाहुण्यांचं केल्यावर तिला संध्याकाळचाच वेळ मिळायचा," त्या म्हणाल्या. "म्हणून हे संध्याकाळचं चित्र आहे. तपकिरी. मी लहानपणापासून या तपकिरी रंगात वाढले. आता बघा."

आता तपकिरी काही नव्हतं. आकाश फिकट निळं होतं, गवत पोपटी. पुतण्याने उन्हाळ्यात ते साफ करायला ऑकलंडला नेलं होतं आणि चार महिन्यांनी परत आणलं होतं. मागे नवाकोरा बोर्ड स्क्रूने बसवलेला. त्या मला हळू आवाजात म्हणाल्या की हे आमचं चित्र नाही. आमचं त्याने ठेवून घेतलं आणि नक्कल आणून टांगली.

मी घरी काही सांगितलं नाही. चर्च आणि कुंपण या दोन्ही शंका तशाच राहू दिल्या. पण त्या दिवसापासून मी त्या पुतण्यावर नजर ठेवायला लागले. तो रविवारी यायचा. पन्नाशीचा, लाल चेहऱ्याचा माणूस. गवत कापायचा, पन्हळीतला पाला काढायचा, मला बघून नमस्काराला माओरीत "किया ओरा" म्हणायचा. फारच अगत्याने म्हणायचा, असं आता मला वाटू लागलं. एकदा कुंपणापाशी येऊन त्याने विचारलं की हल्ली काकूंची तुमच्याशी गट्टी जमलीय, काय बोलता दोघी? मी म्हटलं, फिजोआबद्दल. तो हसला, पण डोळे हसत नव्हते. दुसऱ्या एका रविवारी मी आमच्या डेकवरून त्याला त्यांच्या घरात खोल्यांचे फोटो काढताना पाहिलं. कपाट, घड्याळ, टेबल. क्षणभर आमची नजरानजरही झाली. मी ते लगेच त्यांना जाऊन सांगितलं. सांगताना मला थोडी मजाही वाटली, हे खरं आहे.

"म्हणजे मला भ्रम झालेला नाही," त्या म्हणाल्या.

मग ठरलं की बोर्ड काढून मागचं कापड बघायचं. बुधवारची सकाळ निवडली, कारण बुधवारी पुतण्या कामावर असतो. जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून आम्ही दोघींनी चित्र पालथं घातलं. स्क्रू मी काढले. बोर्ड निघाला आणि आत चॉकलेटी पडलेलं जुनं कापड दिसलं. कडेला गंजलेले बारीक खिळे, जुन्या भोकांच्या दोन ओळी. मी म्हटलं, हे जुनंच आहे. त्या म्हणाल्या, जुनं कापड कुठूनही आणता येतं. मला आठवतं, त्या क्षणी मी पहिल्यांदा त्यांच्यावरच संशय घेतला. या बाईंना उत्तर हवं आहे की पुतण्या चोर ठरायला हवा आहे?

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि पुतण्या आत आला. कामावरून मधेच आलेला, हातात ब्रेडची पिशवी. त्याने टेबलाकडे पाहिलं, माझ्या हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे पाहिलं, आणि पिशवी हळूच ओट्यावर ठेवली.

"आधी मला विचारायचं होतं ना," तो त्यांना म्हणाला.

"विचारलं असतं तर तू काय सांगितलं असतंस?"

तो खुर्ची ओढून बसला. मग माझ्याकडे वळून, अगदी सभ्यपणे, म्हणाला की ऑकलंडच्या चित्रं साफ करणाऱ्या बाईंनी अर्धं काम झालेलं असताना फोटो पाठवले होते, अर्धं तपकिरी, अर्धं स्वच्छ. ते काकूंना फोनवर दाखवले तर त्यांनी फोन बाजूला सारला. आणि खोल्यांचे फोटो काढतोय ते काकूंनीच लहान जागेत जायचं म्हटलं म्हणून, तिथे काय मावेल ते बघायला. माझे कान गरम झाले. फोटोची बातमी माझीच होती हे त्याला कळलं होतं.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, चित्र बाहेर उजेडात नेऊ या. तिघांनी धरून ते डेकवर नेलं आणि बाकावर उभं केलं. बैठकीच्या खोलीत कळलं नव्हतं ते बाहेर लख्ख दिसलं. शेतातून जाणारी एक वाट होती आणि वाटेवर दोन बादल्या घेतलेली एक मुलगी, बोटाएवढी. बाई म्हणाल्या की आमच्या चित्रात मुलगी नव्हती, बघा, हीच ती खूण.

"तुमच्या चित्रात ती जुन्या वार्निशच्या तपकिरी थराखाली होती," मी म्हटलं. "नक्कल करणारा समोर दिसतं तेवढंच काढतो. जे कुणालाच दिसत नव्हतं ते तो कुठून काढणार? आणि या मुलीचा रंग वाटेच्या आणि गवताच्या रंगाबरोबरच ओला असताना लावलेला आहे. हे एकाच हाताचं काम आहे."

बाई चित्राजवळ वाकल्या. बोट चर्चवर नेऊन म्हणाल्या की चर्च तरी बरोबर आहे. तिकडे मनोरा नेहमी चर्चच्या पश्चिम टोकाला असतो, आईने शिकवलं होतं.

मी चर्चकडे पाहिलं. मनोरा चर्चच्या उजव्या टोकाला होता. म्हणजे उजवीकडे पश्चिम. आणि उजेड डावीकडून येत होता. मुलीची लांब सावली मनोऱ्याच्या दिशेने पडली होती.

तिथे मी गप्प बसू शकले असते. पण शाळेतली सवय. मी म्हटलं, "मग ही सकाळ आहे."

त्यांना आधी कळलं नाही. मी समजावून सांगितलं. इथे सूर्य उत्तरेकडून फिरतो. तुमच्या बैठकीच्या खोलीची खिडकी उत्तरेला आहे, तिच्यात उभं राहिलं की सूर्य मावळतो डावीकडे. म्हणून डावीकडचा उजेड तुमच्या घरात सगळ्यांना संध्याकाळचा वाटत आला. तिकडे दक्षिणेकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या बाईला डावीकडे पूर्व असते. मी स्वतः इथे आल्यावर पहिल्या दोन चित्रांत सावल्या उलट्या काढल्या होत्या.

पुतण्या "ओह" एवढंच म्हणाला.

बाई सरळ उभ्या राहिल्या. चोर सापडला नाही याचा राग पुतण्यावर काढता येत नव्हता. "माझ्या आईने सांगितलंय, संध्याकाळ," त्या मला म्हणाल्या. "आता तुम्ही घरी गेलात तर बरं."

मी गेले. पुढचे कितीतरी दिवस त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा होता. पुतण्याही रविवारी यायचा बंद झाला आणि गवत वाढलं. मुलाला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, त्यांच्या घरातल्या भानगडीत आपण पडायलाच नको होतं. बरोबरच होतं त्याचं. पण मला वाईट वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. दिवसभर दुसऱ्यांचं करून दमलेली, संध्याकाळी एकटी ब्रश घेऊन बसलेली ती डेन्मार्कची बाई त्यांना आईकडून मिळाली होती. चित्र चोरीला गेलं नव्हतं, पण ती बाई मी त्यांच्याकडून काढून घेतली होती.

हिवाळा संपत आला तेव्हा सुनेकडे बाईंचा निरोप आला. रविवारी जेवायला, सगळ्यांनी. गेलो तर पुतण्या त्याच्या बायकोसह आलेला होता. त्यांनीच त्याला फोन केला होता म्हणे. माफी मागितली का, ते कुणी बोललं नाही. पुतण्याने मला खुर्ची दिली, पण त्या दिवशी "किया ओरा" म्हणाला नाही. माझ्याशी बोलताना तो जपून बोलत होता, आणि मीही.

जेवताना माझ्या मुलाने विचारलं, हे चित्र कुणाचं? बाईंनी सगळी हकिकत पहिल्यापासून सांगितली. वडिलांची अट, मोठं घर, उन्हाळ्यातले चित्रकार, इटली. मग म्हणाल्या, "पाहुणे उठायच्या आधी ती एकटी शेतात जायची. घरात कुणी काही मागायच्या आत तिचं काम झालेलं असायचं. माझी आई नेहमी सांगायची, ती फार लवकर उठायची."

मी ताटावरून वर पाहिलं. समोर पुतण्यानेही वर पाहिलं होतं. त्याच्या काकूंच्या आईने असं कधी सांगितलं होतं का, हे लहानपणापासून ही हकिकत ऐकत आलेल्या त्याला नक्की माहीत असणार. मला ते विचारायचं होतं. तो बटाटे वाढून घेत राहिला, आणि मी म्हटलं की चित्र सुंदर आहे.