आतली पट्टी

हॉस्पिटलच्या तळघरात ऑपरेशनची हत्यारं धुऊन, मोजून, कापडात बांधून वाफेच्या मशीनमध्ये घालायचं काम चालतं. तिथे ताईंना त्यांच्या पाठीमागे सगळे ‘पुन्हा एकदा’ म्हणत. ताईंना ते ठाऊक होतं, पण राग येत नसे, कारण त्यांच्या मते ते टोपणनाव नव्हतं, कौतुक होतं. यादी हातात घ्यायची, चिमटे, कात्र्या, क्लॅम्प ओळीने लावायचे, मोजायचे, आणि समोरच्या मुलीने हुश्श करून कापडाला हात घातला की म्हणायचं, “थांब गं. पुन्हा एकदा.” बावीस वर्षांत ताईंच्या ट्रेमधून साधी कात्रीसुद्धा कमी गेली नव्हती. हे त्या दिवसातून एकदा तरी कोणाला ना कोणाला ऐकवत.

घरीही तोच खाक्या. बाहेर पडताना गॅसचं बटण बघायचं, कुलूप ओढून बघायचं, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जायचं आणि तिथून पुन्हा कुलूप ओढायला परत यायचं. यजमान तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. गल्लीत त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणत. माणूस शांत. बायको परत येईपर्यंत ते कोपऱ्यावर उभे राहत आणि चुकलेल्या बसला हात हलवून निरोप देत. पूर्वी सुट्टीच्या दिवशी ताई कधी त्यांच्या बसमधून गेल्या, तर पहिल्या सीटवर बसून प्रत्येक वळणाला उजवा पाय जमिनीत रुतवायच्या. “अगं, ब्रेक माझ्याकडे आहे,” ते आरशातून म्हणायचे. पाय काही उचलला जायचा नाही.

प्रार्थनाही अशीच. चर्चमधल्या बायकांच्या सभेत ताई प्रार्थनेला उभ्या राहिल्या की बाकीच्या जरा सैलावून बसत, कारण आता लवकर सुटका नाही. आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना ताई डॉक्टरांचं नाव, खोलीचा नंबर, तपासणीची वेळ, एवढंच काय, रिपोर्ट कुठल्या खिडकीवर मिळेल तेसुद्धा सांगत. जणू प्रभू कालच नोकरीला लागला आहे आणि त्याला काम समजावून द्यायचंय. शेवटी “सगळं तुझ्या हाती सोपवते” म्हणायच्या. आमेन झालं की पिशवीतून फोन काढून त्या खिडकीवर चौकशी करायच्या.

मग ड्रायव्हरसाहेबांच्या आतड्यात गाठ निघाली.

ऑपरेशन ताईंच्याच हॉस्पिटलात, गुरुवारी सकाळी साडेआठला ठरलं. तळघराच्या इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, “ताई, सुट्टी घ्या. त्यांच्याजवळ बसा. ट्रे आम्ही बांधतो.”

“त्यांचा ट्रे दुसऱ्या कोणी बांधला तर मला झोप लागेल का?”

“तुम्हाला तशीही कुठे लागते?” सिस्टर म्हणाल्या, पण तिथेच त्यांनी हार मानली.

बुधवारी दुपारी ताई टेबलाशी उभ्या राहिल्या. मोठ्या ट्रेमध्ये चौसष्ट हत्यारं. ती त्यांनी सात वेळा मोजली. मधोमध रीतीप्रमाणे पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवली. वाफ आतपर्यंत पोचली की ही पट्टी काळी होते. ऑपरेशन थिएटरमधली नर्स ट्रे उघडल्यावर आधी ती बघते आणि मगच हत्यारांना हात लावते. ताईंनी तळाशी एक जाड टॉवेल अंथरला, चिमट्यांना धक्का नको म्हणून. मग कापड. नियम दोन थरांचा आहे. ताईंनी चार घेतले.

“ताई, दोनच ना?” शेजारची मुलगी म्हणाली. ही विभागातली सगळ्यांत नवी, म्हणून तिला सगळे धाकटीच म्हणत.

“दोन बाकीच्यांसाठी,” ताई म्हणाल्या आणि सगळा जोर लावून गाठ आवळली.

मशीनमधून ट्रे बाहेर आला तेव्हा कापडावर चिकटवलेल्या टेपच्या रेघा वाफेने काळ्याभोर झाल्या होत्या. ताईंनी ते गाठोडं फळीवर ठेवलं. एकदा बांधून, वाफ देऊन फळीवर ठेवलेला ट्रे थिएटरबाहेर कोणी उघडायचा नसतो. उघडला की तो अशुद्ध. आत काय दिसलं, सगळं जागेवर होतं का, याला काही अर्थ राहत नाही. नव्या मुलींना हा नियम पहिल्या दिवशी ताईच शिकवायच्या, आणि तोही सातदा.

गुरुवारी सकाळी साडेसहाला त्या वॉर्डात होत्या. सलग दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. ड्रायव्हरसाहेब हिरव्या झग्यात, रात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेता पडून होते. ताईंनी त्यांच्या कपाळावर हात ठेवून लांबलचक प्रार्थना केली. सर्जन, भूलतज्ज्ञ, टाके, रक्ताच्या बाटल्या, सगळ्यांचा नंबर लागला. “तुझ्या हाती सोपवते, आमेन.” आणि त्या आमेनबरोबरच डोक्यात आलं, लांब वाकडा क्लॅम्प ठेवला का आपण?

तो हातात घेतल्याचं आठवत होतं. फडक्याने पुसल्याचं आठवत होतं. पुसून कुठे ठेवला? ट्रेमध्ये की बाजूला? सात वेळा मोजलं होतं खरं, पण ते पुसायच्या आधी की नंतर? ताई खिडकीशी गेल्या. परत आल्या. नवऱ्याची चादर नीट केली, ती नीटच होती. पुन्हा खिडकीशी गेल्या. ऐन ऑपरेशनमध्ये रक्त उसळतंय, डॉक्टर हात पुढे करतात आणि क्लॅम्प नाही, हे त्यांना डोळ्यांसमोर लख्ख दिसत होतं.

“आलेच,” म्हणून त्या जिन्याकडे निघाल्या. “प्रभूवर सोडलंय, प्रभूवर सोडलंय,” असं म्हणत म्हणत एकेक पायरी उतरल्या आणि तळघरात पोचल्या.

गाठ सोडायलाही वेळ लागला, इतकी ती घट्ट होती. चार थर बाजूला झाले. लांब वाकडा क्लॅम्प आपल्या जागी पडला होता, डाव्या कडेला, शेवटून तिसरा. ताईंच्या छातीतून मोठा उसासा बाहेर पडला. तो पुरा व्हायच्या आत त्यांना कळलं की आपण काय केलंय.

“ताई!” दारात धाकटी उभी होती. “अहो, हे काय केलंत?”

दुसरा मोठा ट्रे पहाटेच एका अपघाताच्या पेशंटसाठी गेला होता. इनचार्ज सिस्टर आल्या, उघडा ट्रे बघितला, ताईंकडे बघितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी थिएटरला फोन लावला. दुसरा पेशंट आधी घेतील; ड्रायव्हरसाहेबांचं साडेअकराला, आणि डॉक्टरांना वेळ उरला नाही तर थेट सोमवारी. “आणि ताई, आता या टेबलाला हात लावायचा नाही. धाकटी बांधेल.”

बावीस वर्षांत ताईंना असं कोणी सांगितलं नव्हतं. त्या जिना चढल्या तेव्हा तोंड दाखवायची लाज वाटत होती, आणि तोंड दाखवायचं होतं ते नेमकं नवऱ्यालाच.

त्यांनी सगळं सांगितलं. ड्रायव्हरसाहेबांनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. “होता का?”

“काय?”

“क्लॅम्प.”

“होता.”

ते पोट धरून हसायला लागले. “म्हणजे प्रभूच्या हाती दिलंस आणि मागोमाग जाऊन त्याची मूठ उघडून बघितलीस.”

“हसू नका!” ताईंचा आवाज फाटला. “तुम्हाला काय, तुम्ही आयुष्यभर हसलात. कुलूप मी बघितलं, गॅस मी बघितला. मी नाही बघितलं तर बघणार कोण?”

पलीकडच्या खाटेजवळ बसलेली बाई मान वळवून बघायला लागली. ताईंनाही आपलं ते वाक्य ऐकू आलं. रविवारी भर सभेत उभं राहून आपण काय बोलतो आणि इथे काय बोललो! त्या स्टुलावर बसल्या आणि पदराने तोंड पुसत राहिल्या.

ड्रायव्हरसाहेबांनी हसू आवरलं. मग म्हणाले, “अगं, माझ्या बसमध्ये माणसं घोरायची. माझं नावसुद्धा माहीत नसायचं त्यांना. घाट असो, धुकं असो, डोकं खिडकीला टेकवायची आणि घोरायची. तीस वर्षांत एकटी तू जागी असायचीस, आणि तू तर घरची.” त्यांनी डोळे मिटले. “आज मी मागच्या सीटवर बसणार आहे. मला झोपू दे. तू उगाच ब्रेक दाबू नकोस.”

साडेअकराला त्यांना आत नेलं. नवा ट्रे धाकटीनेच वर पोचवला होता. ताईंनी तो लांबून बघितला: दोन थर, साधी गाठ. हात शिवशिवले. त्यांनी ते पदराखाली घेतले.

थिएटरबाहेरच्या बाकावर त्या बसल्या, उठल्या, दारावरचा लाल दिवा बघितला, बसल्या. पोरीने मोजलं असेल का नीट? चौसष्ट की त्रेसष्ट? प्रार्थना सुरू केली तर तीही यादीच व्हायला लागली, म्हणून सोडून दिली. उजवा पाय फरशीत रुतला होता. त्यांनी तो उचलला. पाच मिनिटांनी बघतात तर पुन्हा रुतलेला.

तेवढ्यात धाकटी आली आणि शेजारी टेकली. तिच्या हातात घडी घातलेला कागद होता. “ताई, सिस्टर म्हणाल्या, ऑपरेशन झाल्यावर सांग. पण मला राहवत नाहीये.” तिने घडी उघडली. आत कागदाची पट्टी होती. पांढरीशुभ्र.

“ही कुठली?”

“तुमच्या कालच्या ट्रेमधली.”

ताईंना आधी कळलंच नाही. मग त्यांनी ती पट्टी उजेडाकडे धरली. उलटली. पुन्हा एकदा उलटली. वाफ आत पोचलीच नव्हती. जाड टॉवेल, चार थर, आवळलेली गाठ. बाहेरची टेप काळी झाली होती आणि आत सगळं जसंच्या तसं होतं. सकाळी ट्रे उघडला तेव्हा ही पट्टी त्यांच्या नाकासमोर असणार, पण त्यांना फक्त क्लॅम्प दिसला होता.

“मी उघडला नसता तर…”

“तर थिएटरमध्ये उघडल्यावर कळलं असतं. ते भुलीत असताना.” धाकटीचा आवाज खाली आला. “आणि गडबडीत नाही कळलं, तर मग…”

“किती ट्रे बांधले असतील गं मी असे?”

“नाही हो ताई. बाकीच्यांना तुम्ही दोनच थर घालता. हा एकच असा बांधलात.”

धाकटी गेली. ताईंच्या हातात पट्टी राहिली. त्यांना भीती वाटली, मग लाज वाटली, आणि मग काहीतरी आत सैल झालं. ज्याच्यावर सगळ्यांत जास्त जीव, त्याच्याच ट्रेमध्ये वाफ जाऊ दिली नाही आपण. आणि तो ट्रे उघडला गेला, तोही आपल्या शहाणपणाने नाही, वेडेपणाने.

“प्रभू,” त्या हळूच म्हणाल्या. पुढे सांगायला काही सुचेना. डॉक्टरांचं नाव नाही, खोलीचा नंबर नाही. “मला काही कळत नाही. तू आहेस ना आत? मग मी बाहेर बसते.”

बऱ्याच वेळाने कोणीतरी त्यांचा खांदा हलवला. थिएटरची नर्स होती. “ताई, झालं. गाठ निघाली, पेशंट ठीक आहे. केव्हाची हाका मारतेय मी तुम्हाला.” ताईंनी डोळे चोळले. डोकं भिंतीला टेकून टेकून मान अवघडली होती. त्या उठल्या आणि नर्सच्याच गळ्यात पडून रडल्या.

संध्याकाळी ड्रायव्हरसाहेबांनी डोळे उघडले. जीभ जड होती. “कुठे होतीस?”

“बाहेर बाकावर. झोप लागली होती.”

त्यांनी मान वळवून ताईंकडे नीट बघितलं. “तुला?”

“मला. घोरत होते म्हणे.”

त्यांना हसू आलं आणि टाके दुखले. गाठीचा रिपोर्ट यायला आठवडा होता. वर सलाईन ठिबकत होतं. ताई सवयीने थेंब मोजायला लागल्या, अकरापर्यंत गेल्या आणि थांबल्या. मग त्यांनी नवऱ्याचा हात हातात घेतला आणि स्टूल जरा जवळ ओढलं.