टीचरना बोलू द्या

"आम्ही सगळ्या धर्मांचा आदर करतो" असं कुणी म्हणालं की हल्ली माझं डोकंच फिरतं. हे वाक्य माझ्या थोरल्या दिरांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर, खुर्ची ओढता ओढता उच्चारलं होतं. आणि ज्या बाईंचा हा आदर चालला होता, त्यांना तोवर एक वाक्य पुरं करता आलेलं नव्हतं.

त्या बाई म्हणजे आमच्या टीचर. वसईतल्या सांडोरला आमच्या बिल्डिंगच्या मागच्या कुंपणापलीकडे त्यांची केळीची वाडी आहे. इथल्या जुन्या ख्रिस्ती घराण्यातल्या, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. नोकरी संपली तरी सगळी गल्ली त्यांना टीचरच म्हणते. त्यांचे यजमान आणि माझे सासरे, म्हणजे आबा, रोज संध्याकाळी वाडीतल्या विहिरीच्या कट्ट्यावर बसून भांडायचे. आबांचा पुनर्जन्मावर विश्वास. टीचरच्या यजमानांचं म्हणणं, जन्म एकच, मग शेवटच्या दिवशी सगळे उठणार. मी चहा घेऊन जायची तेव्हा वाटायचं, आता हे एकमेकांचं तोंड बघणार नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा कट्ट्यावर.

गेल्या वर्षी टीचरचे यजमान वारले. आबा तेव्हा खुब्याचं हाड मोडून दवाखान्यात होते. मातीला जाता आलं नाही. घरी आल्यावर त्यांनी तो विषय कधी काढला नाही, आणि आम्हीही नाही. संध्याकाळ झाली की खुर्ची खिडकीकडे वळवून वाडी बघत बसायचे, एवढंच.

मार्चमध्ये टीचरचा फोन आला. "आबांना एक विचारायचंय. जरा अवघड आहे, फोनवर नको. येऊ का?"

मी म्हटलं, "शुक्रवारी जेवायलाच या."

पुण्याचे थोरले भाऊजीही त्या दिवशी येणार होते. म्हटलं, घर भरलेलं असेल, टीचरना बरं वाटेल. माझं डोकं हे असं चालतं.

आता स्वयंपाक. आमच्याकडे शुक्रवार देवीचा, त्या दिवशी घरात अंडंसुद्धा शिजत नाही. पण ख्रिश्चन पाहुणी यायची आणि तिला वरण-भात वाढायचा? मी आबांची परवानगी काढली, देवीची माफी मागितली आणि कोंबडीचा झणझणीत रस्सा केला. वर केकही आणला. ख्रिश्चन माणूस म्हणजे केक, हे ज्ञान मला कुठून मिळालं विचारू नका. इतकी वर्षं वसईत राहून मी त्यांच्याविषयी दोन गोष्टी शिकले होते, आणि त्या दोन्ही मी त्या दिवशी टेबलावर मांडल्या.

टीचर आल्या, टेबलाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "अगं, आज शुक्रवार ना, आणि सध्या आमचा—"

"शुक्रवारचं काय घेऊन बसलात!" भाऊजी खुर्ची ओढत म्हणाले. "तुमच्यासाठी आम्ही नियम मोडलाय. आम्ही तसलं काही मानत नाही हो. आम्ही सगळ्या धर्मांचा आदर करतो."

टीचर बसल्या. ताटात भात घेतला आणि त्यावर लिंबाचं लोणचं.

"लाजू नका," भाऊजींनी त्यांच्या भातावर स्वतःच्या हातानं रस्सा ओतला. "बरं, तुमचं मूळ आडनाव काय हो?"

"आहे तेच."

"तसं नाही, त्याआधीचं. पोर्तुगीज यायच्या आधीचं."

"ते नाही माहीत. तुमचं काय होतं तेव्हा?"

मी हसले. भाऊजीही हसले, पण त्यांना कळलंच नव्हतं. ते पुढे निघाले. येशू म्हणे हिमालयात येऊन शिकून गेला. म्हणजे मूळ सगळं आपलंच. तुम्हाला मूर्ती चालत नाही, मग मेरीमातेचा पुतळा कसा चालतो? टीचरनी उत्तरासाठी तोंड उघडलं, तर उत्तरही त्यांनीच दिलं, कारण त्यांनी त्यावर एक व्हिडिओ पाहिला होता. चाळीस वर्षं मुलांना गप्प बसवणाऱ्या बाईला असं गप्प बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. माझा नवरा मान डोलवत होता. भाऊ बोलायला लागला की ह्यांची मान आपोआप हलते. आणि मी? मी "अजून भात वाढू?" विचारत होते. सभ्यपणाच्या नावाखाली आपण काय काय चालवून घेतो! समोर एक माणूस आपल्या श्रद्धेसकट जिवंत बसलेलं आहे, त्याला विचारायचं सोडून त्याच्याविषयी त्यालाच ऐकवायचं, आणि वर त्याला आदर म्हणायचं? यापेक्षा सरळ शिवी बरी. तिला उत्तर तरी देता येतं.

शेवटी टीचरच आबांकडे वळल्या. "आबा, पुढच्या महिन्यात ह्यांना वर्ष होतंय. चर्चमध्ये वर्षाची मिस्सा झाल्यावर आम्ही दफनभूमीत कबरीपाशी जातो. तर मला विचारायचं होतं, तुमच्यात चालतं का, म्हणजे तुम्ही—"

"छे, छे!" भाऊजी म्हणाले. "आबांना कुठं नेताय? एक तर वय. दुसरं, आमच्यात असं कबरीवर वगैरे जात नाहीत. आत्मा निघून गेला, मग तिथं काय आहे? तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, आम्हाला आदरच आहे, पण—"

टीचरनी मान खाली घातली. "बरं," म्हणाल्या आणि उठू लागल्या. रश्शाचा भात तसाच होता.

तेव्हा आबांनी टेबलावर हात आपटला. वाटीतलं ताक सांडलं.

"प्रश्न मला विचारलाय," आबा म्हणाले. "टीचर, बसा. आधी हे सांगा, जेवत का नाही?"

"आमचा उपवासकाळ चालू आहे आबा. त्यातल्या शुक्रवारी आम्ही मटण-कोंबडी खात नाही."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. देवीचा आणि टीचरचा, दोघींचाही शुक्रवार, आणि तो मी एकाच पातेल्यात मोडला होता. मी मुकाट्यानं ताट उचललं आणि दुसऱ्या ताटात दहीभात आणून दिला.

"आता कबरीचं सांगा," आबा म्हणाले. "तिथं काय करता?"

"फादर प्रार्थना म्हणतात. कबरीवर पाणी शिंपडतात. आम्ही फुलं ठेवतो, मेणबत्ती लावतो."

"आणि तो तिथं आहे असं समजता?"

"देह आहे. उठायची वाट बघतोय."

"मला नाही पटत."

"ते मला ठाऊक आहे," टीचर म्हणाल्या, "हे रोज घरी येऊन सांगायचे, आज पण म्हाताऱ्याला पटलं नाही. पण ते असंही म्हणायचे, माझं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेणारा तोच एक आहे. म्हणून वाटलं, वर्षाला तुम्ही असावं. नाही जमलं तरी राग नाही."

आबा म्हणाले, "मी त्याला अजून निरोप दिलेला नाही. तिथं उभं राहून मी माझं स्तोत्र मनात म्हटलं, तर तुमच्या फादरना चालेल?"

"मी विचारते त्यांना. पण मनात कशाला? मोठ्यानं म्हणा. हे कानानं कमी ऐकायचे."

"मग मला घेऊन चला."

भाऊजींनी घसा खाकरला. "आबा, खरं म्हणजे शास्त्राप्रमाणे—"

"भाऊजी," मी म्हटलं, "आता एक अक्षर बोलू नका."

लग्न होऊन या घरात आल्यापासून थोरल्या दिरांपुढे माझा आवाज असा कधी चढला नव्हता. ह्यांची मान डोलायची थांबली.

टीचर मात्र आबांना सांगत होत्या की चर्चपासून दफनभूमीपर्यंत चालायला किती लागतं, वाटेत पायऱ्या कुठं आहेत. आबा पुढे वाकून ऐकत होते.