आमच्या ओढ्यावरचा मंजूर पूल

मला एक सांगा, विश्वास ठेवायचा कुणावर? "काम होणार न्हाई" म्हणतो त्याच्यावर, का "काम मंजूर झालं" म्हणतो त्याच्यावर? इतकी वर्षं सिमेंट-लोखंड विकून राह्यलो, माझा भरोसा पहिल्यावर. निदान तो खोटा तरी पडत न्हाई!

मंठ्याच्या रस्त्याला माझं दुकान. समोर गाव, मागं ओढा, ओढ्यापलीकडं वस्ती. सरकारी कामाचं सामान माझ्याकडून जातं, म्हणजे येणारा माणूस बाकड्यावर बसतो, चहा पितो आणि एखादा किस्सा सोडून जातो. सिमेंट खपतं, किस्से शिल्लक राहतात. आज फक्त एका पुलाचे सांगतो.

* * *

वस्तीवरच्या रुक्मिणमावशी रोज सकाळी दुधाच्या किटल्या घेऊन ओढा ओलांडतात आणि डेअरीची गाडी गाठतात. ओढ्याला पाणी आलं की गाडी अलीकडं, दूध पलीकडं. नासून जातं. म्हणून सगळ्यांनी अर्ज केला, पूल द्या.

पाहणीला साहेब आले ते ऐन मे महिन्यात. शेरा मारला, "ओढ्यात पाणी आढळले नाही, सबब पुलाची गरज दिसत नाही."

आम्ही ओरडा केला. मंग दुसरे साहेब भर पावसाळ्यात आले. अलीकडच्या काठावर छत्री धरून पाच मिनिटं उभे राहिले. त्यांचा शेरा, "पाणी असल्यामुळे पलीकडे जाता आले नाही, सबब पाहणी अपूर्ण!"

* * *

तिसऱ्या वेळी मोठे साहेब येणार होते. आमचे सरपंच अण्णा घाबरून दुकानात आले. "शेटजी, साहेबाची गाडी आपल्या ओढ्यात फसली तर तोंड दाखवायला जागा राहायची न्हाई!"

गावाच्या इज्जतीचा सवाल! दोन दिवस ट्रॅक्टर चालले. दगड अंथरले, वर मुरूम टाकला, पाणी मारून रोलर फिरवला. रोलर माझ्याच ओळखीनं आल्ता, म्हणून मी बी गप्प.

साहेब काच खाली न करता पार झाले. वस्तीवर पोहे खाल्ले, "रस्ता तर छान आहे की!" म्हणाले आणि तसंच लिहून गेले.

पुढच्या पुरात मुरूम वाहून गेला. शेरा मात्र जागेवर!

* * *

तरी पूल मंजूर झाला बरं का! निवडणूक जवळ आल्ती. एकदा ह्या पुढाऱ्यांनी भूमिपूजन केलं, एकदा त्या पुढाऱ्यांनी, आणि मधल्या काळात दोघं एका पार्टीत आले म्हणून तिसऱ्यांदा दोघांनी मिळून!

मावशी मला म्हणाल्या, "शेटजी, तेवढे नारळ न फोडता ओढ्यात रचले असते, तर त्याच्यावर पाय देत म्या ओढा ओलांडला असता."

* * *

निधी आला तो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. कागदावर बघितलं तर पुलाचा नाही, सुशोभीकरणाचा. खर्चा केला न्हाई तर पैसा परत जाणार! जल्दी जल्दी ओढ्याच्या काठावर सिमेंटची सहा बाकं बसवली. माझ्याच दुकानातून गेली, खोटं कशाला बोलू?

डेअरीचा ड्रायव्हर खूश. "बरं झालं शेटजी, मावशींची वाट बघायला बसायची तरी सोय झाली!"

* * *

मंग एक दिवस मावशी बाजारातून थेट दुकानात आल्या. पदराची गाठ सोडून नोटा काउंटरवर ठेवल्या.

"पुलाला लागतात त्या मोठ्या नळ्या द्या. आठ."

"मावशी, एवढा पैसा?"

"एक म्हैस इकली. दोघींचं दूध काठावर नासण्यापरीस एकीचं गाडीत जाऊ द्या."

मी नफा सोडला. हमाली मात्र घेतली, धंदा धंद्याच्या जागी! वस्तीतल्या माणसांनी आठ दिवस खपून नळ्या बसवल्या, दगड रचले, वर काँक्रीट ओतलं. त्या पावसाळ्यात मावशींचं दूध एक दिवस चुकलं नाही.

दिवाळीनंतर साहेब आले. टेप लावला, लांबी मोजली, रुंदी मोजली, मोजमापाच्या पुस्तकात उतरवली. "उत्तम काम! कुणी केलं?"

"आमीच केलं," मावशी म्हणाल्या.

साहेबांचं पेन थांबलं. "असं लिहिता येत नाही हो. पूल मंजूर आहे, पूल उभा आहे. आमच्याच कामात दाखवून टाकतो. तुमचं काय जातं?"

मावशींनी किटल्या खाली ठेवल्या आणि पुस्तकाच्या त्या पानावर बोट टेकवलं.

"लिव्हा साहेब, खुशाल लिव्हा. पण हिशेब इमानानं ठेवा. लांबी लिव्हली, रुंदी लिव्हली. आता त्याच्याखाली माझी म्हैस बी लिव्हा."